साहेबांच्या फडाचं हिरवं बटन

आधीच सांगतो — भूत, भानामती, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. रस्त्यात उतरून टाकलेलं लिंबू दिसलं तर त्यावरनं खुशाल गाडी घालणारा माणूस मी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करतो. पण हे जे घडलं ते दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटच्या उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत घडलं…

आक्कापासून सुरुवात करतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नेसरीला दिलेली. भावजी लवकर गेले, शेती तिनं एकटीनं सांभाळली. आमच्याकडं कारखान्याला ऊस जातो तो लागणीच्या तारखेप्रमाणे — ज्याची लागण आधी, त्याची तोडणी आधी. पण तिथले शेती अधिकारी नियम खिशात घालून फिरायचे. कारखान्याचं नाव घेत नाही, आणि यांनाही नुसतं साहेब म्हणू. आक्कानं भर सभेत उभं राहून त्यांना विचारलं, "माझ्या मागनं लागण केल्याल्यांचा ऊस गेला, माझा का उभा?" झालं! साहेबांनी खुन्नस धरली. तिची पाळी मागंच सरकत राहिली.

ती जाब विचारायला ऑफिसात गेली तेव्हा मी सोबत होतो. साहेबांनी कॉम्प्युटर तिच्याकडं फिरवला आणि हसत म्हणाले, "बघा आक्का, तुमचं नाव न्हाईच की ह्यात. मी काय करू?"

आक्का तापली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही. "हसतोस व्हय? हास! तुझ्या उसाच्या फडाला बी कोयता लागायचा न्हाई, बघून ठेव!"

त्या साली तिच्या उसाला तुरे आले, पण तोडणी काही आली नाही. तो उभा ऊस जगवायला भर उन्हात पाणी पाजत होती, बांधावरच कोसळली, ती गेलीच. साहेब मातीलासुद्धा आले नाहीत. त्या दिवसापासून ह्या माणसाचं वाटोळं झालेलं बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. लपवत नाही.

पुढच्या हंगामात त्याच कारखान्याचं काम आमच्या ऑफिसकडं आलं. तोडणी मंजुरीचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनाट, त्याला दुसरं काही जोडता येत नव्हतं. म्हणून बॉट बसवला — माणसासारखा स्क्रीन बघून काम करणारा प्रोग्राम. त्याला हिरव्या 'मंजूर' बटनाचं चित्र आधी दाखवून ठेवायचं. स्क्रीनवर तसं चित्र दिसलं की तो क्लिक करतो आणि पुढच्या शेतकऱ्याचं पान उघडतो. नाव कुणाचं, गाव कुठलं, त्याला काही वाचता येत नाही. चित्राला चित्र जुळवतो, बस्स.

साहेब खूश! दुसऱ्या कुणी वशिला लावू नये म्हणून त्यांनी फर्मान काढलं — हातानं मंजुरी बंद, सगळ्यांची. क्रम साहेब लावणार, बटन बॉट दाबणार. आणि क्रमात पहिलं पान कुणाचं? साहेबांच्या स्वतःच्या फडाचं!

त्या पहिल्याच पानावर बॉट थांबला. 'बटन सापडलं नाही.'

अहो, समोर होतं! हिरवंगार. मला दिसत होतं, कारखान्याच्या क्लार्क शोभाताईंना दिसत होतं. ते पान सोडून पुढं गेलो, तर बॉट धडाधड मंजुऱ्या देत सुटला. माघारी साहेबांच्या पानावर आणला — सापडलं नाही. बटनाचं चित्र नव्यानं कापून दिलं, कॉम्प्युटर बदलला, पुण्याच्या सीनियरनं तिकडनं सगळा कोड तपासला. काही मिळेना. देवाशप्पथ, मी त्यात काही घातलं नव्हतं. सुचलं असतं तर घातलंही असतं!

बॉट अडला की त्याला जे दिसतंय त्याचा फोटो साठवून ठेवतो. तो उघडून बघितला. साहेबांचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख, सगळं जागेवर… आणि बटनाच्या जागी नुसता कोरा राखाडी रंग. अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगू? बरंही वाटलं.

हंगाम संपत आला, तोडणीच्या टोळ्या गावाकडं निघाल्या. शेवटी साहेबांनी वरच्यांचे पाय धरून एका दिवसापुरती हातानं मंजुरी उघडून घेतली, फक्त स्वतःच्या लॉगिनला. दुपारी ते खुर्चीत बसले. मागं मी आणि शोभाताई.

"कुठाय बटन?" साहेब म्हणाले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बटन त्यांच्या नाकासमोर होतं.

"खाली, उजव्या अंगाला," शोभाताई म्हणाल्या.

"हितं तर काय न्हाई की!" त्यांनी चष्मा पुसला, पार स्क्रीनला नाक लावलं. माउसचा बाण बटनाच्या भोवतीनं फिरत होता, पण त्याच्यावर काही जाईना. "शोभाताई, तुम्हीच दाबा."

"दुसऱ्याच्या लॉगिनला हात लावायचा न्हाई, तुमचाच नियम हाय साहेब." त्यांच्या माहेरचाही ऊस साहेबांनी असाच वाळवला होता. त्यांनी मांडीवरचे हात हलवले नाहीत.

साहेब माझ्याकडं वळले. तोंड पांढरंफटक. "संतोष, तू तरी दाब रे… सगळा फड वाळून चाललाय!"

मी बटनाकडं बघत म्हणालो, "मला बी दिसंना, साहेब."

संध्याकाळी मुदत संपली. टोळ्या गेल्या, कारखाना बंद झाला, साहेबांचा ऊस रानातच करपला. बॉट मात्र आजही तिथं चालतोय, नंतर एकदाही अडलेला नाही.

हे कसं झालं, तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा, माझी अक्कल तिथं संपली. बायको अजून विचारते, एक क्लिक केली असतीस तर काय बिघडलं असतं?

काही नाही. आक्का असती तर मी केलीही असती.