पाणी कोण विकत घेणार

आदिलाबादजवळ गुडीहत्नूरच्या बसथांब्यावर माझं हॉटेल होतं तेव्हा लोक माझ्याकडे पुढचं विचारायला येत. हात दाखवायला नव्हे. बाजारात काही नवं आलं की विचारत, "शेठ, हे चालंन का इथं?" बोथकडच्या खेड्यातून मी एक स्टोव्ह आणि उसना बाक घेऊन आलो होतो आणि काही वर्षांत पक्की जागा केली होती, म्हणून मला पुढचं दिसतं असा लोकांचा समज झाला होता. माझाही झाला होता.

मी सांगितलेलं बरंचसं चुकलं. टीव्ही घरात आला की माणसं महिन्याभरात कंटाळतील आणि पुन्हा ओट्यावर येऊन बसतील, असं मी म्हणालो होतो. शाम्पूची पुडी पाहून म्हणालो, एवढ्याशा पुडीत बाईच्या केसांचं काय होणार, शिकेकाईपुढं हे टिकत नाही. कोपऱ्यावर एकाने फोनचा बूथ टाकला तेव्हा त्याला तोंडावर विचारलं, "तू इथून लावशीन, पन तिकडं उचलाले कोनाच्या घरी फोन हाय?" वर्षभरात त्या बूथपुढे रांग लागली आणि रांगेतले लोक माझ्याकडे चहा प्यायला लागले. या गोष्टी मी स्वतःच सांगतो. लोक हसतात, मीही हसतो.

पाण्याची गोष्ट मी सांगत नाही. ती दुसरेच सांगतात आणि अर्धी सांगतात. उरलेली अर्धी जास्त वाईट आहे, हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

हॉटेलच्या तोंडाशी, निंबाच्या सावलीत, विटांच्या ओट्यावर तीन रांजण होते. बसमधून उतरणाऱ्याला आधी ते दिसत, मग भट्टी, मग मी. ते रांजण एक बाई भरायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मी तिला मावशी म्हणायचो. मागच्या विहिरीवरून हंडे आणायची, रांजण आतून नारळाच्या शेंडीनं घासायची, पाणी फडक्यानं गाळून भरायची. बस थांबली की पितळी तांब्या आणि पेला घेऊन खिडक्यांखालून चालत जायची. आतून हात बाहेर यायचे. कोणी पाणी म्हणायचं, कोणी नीळ्ळू, उटनूरकडचा गोंड माणूस एर म्हणायचा. तिला तिन्ही कळायचे. तिच्या तांब्यामुळे बसमधली निम्मी माणसं खाली उतरत आणि उतरली की चहा घेत. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मजुरी वाढवून मागितली असती.

दूधवाला, जळणवाला, साखरेचा व्यापारी, सगळे माझ्याशी भाव करताना घाम पुसायचे. मी आवाज चढवायचो, माल परत उचलायला लावायचो, पुन्हा हाक मारायचो. मावशीपुढे यातलं काहीच चालत नसे. दर दिवाळीला ती मजुरी वाढवून मागायची, मी ओरडायचो, आणि ती हंडा माझ्या गल्ल्याशी आणून ठेवायची.

"भाऊ, एक दिवस तुमी भरून पाहा. मंग भाव सांगा."

गिऱ्हाईकं हसायची. मी हरायचो. राग यायचा, पण ते हरणं मला आवडायचं, हे आता कळतं.

ती बौद्धवाड्यातली होती. सुरुवातीला एकदोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, रांजण कोण भरतं? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तहान लागली असंन तर पी, नाईतर चाल." त्यातला एक खरंच निघून गेला. या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला भला माणूस समजत होतो.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका उन्हाळ्यात बाटलीचं पाणी विकणारा एजंट आला. खांद्याला पिशवी, पायात बूट. त्याने गल्ल्यावर बाटली ठेवली.

"सेठ, ये रख के देखो. हायवे पे अब यही चलेगा."

"काय हाय इच्यात?"

"पानी."

"नुसतं पानी? शरबत नाई, सोडा नाई?"

"शुद्ध पानी, सेठ."

हॉटेल भरलेलं होतं. मला तमाशा करायची हुक्की आली. मी बाटली उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो की, आपल्या मुलखात पाणी विकत घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. उद्या हे लोक वारा पुड्यांत भरून आणतील. मग ती बाटली मी रस्त्यावर भिरकावली. ती फुटली नाही. दोन-तीन उड्या मारून रस्त्याच्या मध्यावर जाऊन पडली. सगळे तिच्याकडे पाहत राहिले. मग एक ट्रक आला, तिच्यावरून गेला आणि असा आवाज झाला की निंबावरचे कावळे उडाले. हॉटेल खदखदून हसलं.

एजंट शांतपणे म्हणाला, "सेठ, बोतल के पैसे?"

"पाण्याचे कायचे पैसे?"

तो निघून गेला. मावशी तांब्या घेऊन उभी होती. सगळे हसत होते, ती हसत नव्हती.

"भाऊ, उद्या खरंच असं पानी आलं तर माह्या रांजनांचं काय?"

मी तोऱ्यात होतो. म्हणालो, "हे हॉटेल हाय तोवर तुहे रांजन इथंच राहतीन. सगळ्यांसमोर सांगून राह्यलो." बाकावरच्या एका म्हाताऱ्याने "वा शेठ" म्हटलं. मावशीने मान हलवली आणि पुढच्या बसकडे गेली. माझं ते भविष्य होतं. तिच्यासाठी तो शब्द होता. हा फरक माझ्या लक्षात आला नाही.

पुढे तीन-चार वर्षांत रस्त्यावर मोटारी वाढल्या. मोटारीतली माणसं खाली उतरत, रांजणाकडे पाहत आणि विचारत, "बाटलीवालं नाही का?" नाही म्हटलं की समोरच्या हॉटेलात जात. समोरच्याने आधी सुरुवात केली, हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. थांब्यावरच्या सगळ्यांनी पाणी विकलं, मग नावं मलाच काऊन ठेवतात? हा सल माझ्या मनात अजून आहे.

मी आधी एक खोकं आणलं आणि भट्टीमागे पोत्याखाली ठेवलं. मावशी विहिरीवर गेली की बाटली काढून द्यायचो. माझ्याच हॉटेलात, माझ्याच पैशाने आणलेला माल मी चोरून विकत होतो. तिला कळलं असणार. रिकाम्या बाटल्या मागच्या उकिरड्यावर पडत आणि विहिरीची वाट तिथूनच होती. एकदा तिने त्यातल्या दोन धुऊन, तेल ठेवायला घरी नेल्या. मला दाखवून नेल्या.

मग एक थंड पेयांची कंपनी फ्रीज द्यायला तयार झाली. मी त्यांच्याशी दोन दिवस भाव केला. फ्रीज फुकट, वरची पाटी फुकट, बिघडला तर दुरुस्ती त्यांची. सगळं मिळवलं. त्यांची एकच अट होती, फ्रीज तोंडाशी ठेवायचा, रस्त्यावरून दिसला पाहिजे. तोंडाशी रांजण होते. त्या एका गोष्टीवर मी भाव केलाच नाही. "जागा देतो," म्हणालो आणि हात मिळवला.

मावशीला म्हणालो, रांजण मागे मोरीजवळ ठेवू. तिने पदराने हात पुसले.

"मोरीजवळचं पानी कोन पिईन, भाऊ? तीन नको. एक तरी पुढं राहू द्या."

"एक ठेवला तर बाटली कोन घेईन?"

"तुमीच म्हनले होते ना, कोनी घेत नाई म्हून."

हॉटेलात कोणीतरी फिसकन हसलं. त्याच लोकांसमोर मी ते म्हणालो होतो. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "हॉटेल माहं हाय का तुहं?"

"तुमचंच हाय," ती म्हणाली. तांब्या आणि पेला तिने गल्ल्यावर ठेवला. पेला पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, चार दिवसांनी येईल, भाव करेल, मी थोडं वाढवून देईन. ती आलीच नाही. पुढे कळलं, मंचेरियलला लेकीकडे गेली. जावई कोळशाच्या खाणीत होता.

पूर्वी ज्यांना रांजण कोण भरतं याची पंचाईत होती, त्यांची बाटलीमुळे सोय झाली. सील तोडून ते निवांत पीत. त्यांच्याकडे पाहून मला चीड यायची आणि मी त्यांना सुटे पैसे परत द्यायचो.

दोन उन्हाळे गेले. एका दुपारी मंचेरियलची बस थांबली आणि मावशी उतरली. आदिलाबादला जात होती, नात्यात कोणाचं तरी लग्न होतं. वाळली होती. सवयीने ती सरळ निंबाखाली आली आणि फ्रीजपुढे थबकली. काचेतल्या बाटल्यांकडे पाहत राहिली. मग गल्ल्याकडे आली. मी ओळखलं, तिनेही ओळखलं.

"पानी द्या, भाऊ."

आत स्वयंपाकाला पाणी होतं. माठ होता. मी उठून पेला भरून आणू शकलो असतो. पण गल्ल्याशी मोटारीतले तिघे बाटल्या घेऊन पैसे देत उभे होते. त्यांच्यासमोर हिला फुकट दिलं तर ते काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. हात फ्रीजकडे गेला. मी तिच्यापुढे बाटली ठेवली.

तिने बाटली पाहिली. "केवढ्याची?"

मी छापील किंमत सांगितली. सांगता सांगताच मला घाम फुटला. काहीतरी सावरायला हवं होतं. आणि आयुष्यभर जे एकच मला येत होतं, ते मी केलं.

"तुह्यासाठी दोन रुपये कमी."

जिने माझ्या दारात इतकी वर्षं पाणी भरलं, तिला मी पाण्यावर दोन रुपये सोडत होतो.

"कमी कायले करता?" ती म्हणाली. "छापील हाय ना?"

मी वाट पाहत होतो. तिने घासाघीस करावी, शिवी द्यावी, जुनं काढावं, म्हणजे मला ओरडता आलं असतं. जिने एका हंड्यासाठी मला घाम फोडला होता, तिने पदराची गाठ सोडून पूर्ण पैसे ठेवले. झाकण तिला उघडता येईना. तिने बाटली माझ्याकडे सरकवली आणि मी सील तोडून दिलं. उभ्यानेच, वरून धार धरून ती प्यायली. अर्धी बाटली उरली. तेवढ्यात बसच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि आतून कोणी म्हातारी म्हणाली, "नीळ्ळू." मावशी खिडकीखाली गेली आणि त्या ओंजळीत उरलेलं पाणी ओतलं. मग बसमध्ये चढली. रिकामी बाटली तिने सोबत नेली.

ते पैसे घेऊ नयेत हे मला बस हलल्यावर सुचलं. मी धावलोही. निंबापर्यंत.

नंतर मी एक रांजण आणून फ्रीजच्या बाजूला ठेवला. कंपनीचा माणूस कुरकुरला, त्याला मी शिव्या घातल्या. पण पाणी भरायला कोणी मिळेना, म्हणून दोन हंडे मीच आणायचो. तिसऱ्याच दिवशी कंबर धरली आणि मजुरीचा तो दरवर्षीचा वाद आठवला. माणसं रांजणातलं पाणी प्यायची नाहीत. झाकण उचलून पाहायची, ठेवून द्यायची आणि बाटली मागायची. ड्रायव्हर मात्र डबा बुडवून न्यायचे, रेडिएटरमध्ये ओतायला.

मंचेरियलची बस आली की मी गल्ल्यावरून उठून रांजणाशी जाऊन उभा राहायचो. तांब्या तोच होता, पितळी. लोकांना वाटायचं, शेठ पाय मोकळे करतो आहे.