दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळण्यात मावशीची अठरा वर्षं गेली होती. तिचं शास्त्र एवढंच, की दर दोन तासांनी माणसाची कूस बदलायची. देवाचं नाव घ्यायचं राहिलं तरी चालेल, कूस राहता कामा नये.

या घरात मात्र सकाळपासून कूसच राहिली होती, आणि आता दुपारचे तीन वाजत आले होते.

डॉक्टरांनी बाबांचे चार-पाच दिवस सांगितल्यावर थोरली लेक आणि धाकटा मुलगा, दोघंही उशाशी येऊन बसले होते. मुलाने तीन उशा लावून बाबांना ताठ बसवलं होतं.

"कणा सरळ हवा. जीव पायरी पायरीने वर चढतो, प्रकाशाकडे," तो म्हणाला. "आता हलवलं तर घसरेल."

"वर कुठे? गच्चीवर?" ताई म्हणाली. "निर्वाण म्हणजे कुठे जाणं नाही रे. हवं-नको सगळं विझणं. दिवा विझल्यावर ज्योत कुठल्या दिशेला गेली, विचारतोस का?"

"म्हणजे बाबा संपले, असंच ना?"

"संपले नाहीत. सुटले. पण कुणी हात लावू नका. स्पर्शाने ओढ लागते."

मावशी ऐकत होती. एकाला चढायला बाबा हवे होते, दुसरीला बाबांतला 'मी'च नको होता. पण 'हात लावू नका' यावर बहीणभावांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि त्या एकमताखाली बाबांचं माकडहाड दबून चाललं होतं.

"दादा, पाठ बघू द्या. सकाळी लाल होती."

"मावशी, एकदा सांगितलं ना. हात लावलात तर उद्यापासून येऊ नका."

बाबांना बोलता येत नव्हतं. फक्त उजव्या हाताची बोटं चादर ओढत होती, सोडत होती.

"बघ, सोडतायत," ताई पुटपुटली.

"चढतायत," मुलगा म्हणाला.

मावशीला ती बोटं ओळखीची होती. दुखणारा माणूस असाच चादरीशी भांडतो. कातडी एकदा फुटली की मरेपर्यंत भरत नाही, आणि ते चार-पाच दिवस कसे जातात हे तिने पाहिलं होतं. तिने पदर खोचला, दोन उशा काढल्या, बाबांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले.

"मावशी!"

"उद्या नाही येत. आज धरा इथे."

मुलाचा हात तिनेच ओढून खांद्यावर ठेवला. ताईने आपणहून कंबर धरली. बाबा उजव्या कुशीवर आले. माकडहाडावर तळहाताएवढा जांभळट डाग होता. मावशीने कडेला बोट दाबून उचललं.

"रक्त फिरत असेल तर बोटाखाली पांढरं व्हायला हवं. होतंय का?"

डाग होता तसाच जांभळट राहिला. कातडी अजून शाबूत होती, पण नुसती नावाला.

"मी दोनदा सांगितलं होतं," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाबांनी लांब श्वास सोडला. चादरीवरची बोटं थांबली. मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पुढची कूस कधी?" त्याने विचारलं.

"पाचला."

"डावी?"

"डावी. पाठ टेकवायची नाही. ताई, तुम्ही गुडघ्यांमध्ये उशी द्या. अशी नाही. मऊ बाजू वर."