बांधावरचा बाण

वनविभागात चार महिन्यांची कंत्राटी नोकरी लागली, तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे नक्की करायचं काय?"

"डोंगरावर फिरायला येणाऱ्या लोकांचं नियोजन."

"पाय आहेत, डोंगर आहे. त्यात नियोजन कसलं?"

भूगोलात एम.ए. केलेल्या मुलीला नाशिकमध्ये हे असलं रोज ऐकावं लागतं. मला राग आला. माझा राग नाकावरच बसलेला असतो, हे घरी सगळ्यांना माहीत आहे.

काम साधं होतं. इगतपुरीच्या बाजूला एका गावामागे वनविभागाचा डोंगर आहे आणि डोंगरावर धबधबा. पावसाळ्यात दर रविवारी तिथे गाड्यांची ही रांग लागते आणि लोक वाट फुटेल तिकडे चढत सुटतात. मग कोणी घसरतं, कोणी हरवतं, आणि शोधायला वनरक्षक जातो. म्हणून एकच सुरक्षित वाट ठरवायची, तिच्यावर खुणा करायच्या, गाड्या कुठे थांबतील ते आखायचं आणि सप्टेंबरअखेर अहवाल द्यायचा.

मेच्या शेवटी मी नकाशा घेऊन डोंगरावर गेले आणि सर्वांत जवळची वाट निवडली. पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन वाटेवरच्या चांगल्या चपट्या दगडांवर बाण काढत सुटले. सोबत वनरक्षक होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. दोन दिवस त्यांनी गुपचूप डबा धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, ह्ये सुटे दगड हितं ऱ्हायचे नाय."

"दादा, हा रंग पावसाने जात नाही," मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी डबा परत उचलला. आता आठवलं की वाटतं, त्या वेळी मी जरा तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

जुलैचा पहिला रविवार उजाडला. मी गाड्या थांबतात तिथे रेनकोट घालून, वहीत माणसं मोजत उभी होते. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. लोक खालच्या मोठ्या खडकावरचा पहिला बाण बघत आणि त्या दिशेने निघून जात. मला स्वतःचं फारच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात दादा धापा टाकत आले.

"मॅडम, माणसं धबधब्याला पोचंनात."

"मग जातात कुठे?"

"मावशीच्या वावरात."

धावत गेले. पहिल्या बाणाच्या खडकापाशी उभं राहिलं की पलीकडे भातखाचराचा बांध दिसत होता आणि त्या बांधात माझे तीन पिवळे बाण ठळक दिसत होते. तिन्हींची टोकं एका कौलारू घराकडे. लोकांनी अगदी आज्ञाधारकपणे ती वाट धरली होती. चाळीसेक माणसं घराजवळच्या एका हिरव्यागार तुकड्यात उभी राहून फोटो काढत होती. तो तुकडा म्हणजे भाताचं रोप होतं. आठवड्याभरात उपटून खाचरात लावायचं, वर्षाचं सगळं पीक ज्यातून उभं राहतं ते रोप. त्याचा नुसता चिखल झाला होता.

"आम्हाला वाटलं गवत आहे," एकजण म्हणाला.

सगळं गाव ज्यांना मावशी म्हणतं, त्या दारात उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, कासोटा घातलेल्या. त्यांनी त्या लोकांना असं काही झापलं की गाड्यांपर्यंत कोणी मागे वळून पाहिलं नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"ह्ये बाण तुजे काय?"

"हो. पण ते इथे कसे आले?"

"मी आनले. बांध फुटला व्हता, चपटे दगड पायजे व्हते. रंगाची बाजू भायेर ठिवली, म्हनलं बरं दिसतंय."

डोंगरालगतच्या वावरांचे बांध दरवर्षी त्याच सुट्या दगडांनी बांधतात. दादांना हे माहीत होतं, अख्ख्या गावाला माहीत होतं. माझ्या नकाशाला तेवढं माहीत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी बाण दाखवून केलं.

मावशींचा आवाज एकदम खाली आला. "एवढं एकच खाचर हाय माजं. पुन्ना पेरायला दिस ऱ्हायले नाय. जन्मात इकतचा भात खाल्ला नाय मी. आता खाऊ काय?"

मघाच्या शिव्या मला चालल्या असत्या. हे ऐकून मात्र खूप लाज वाटली. साहेबांना सांगते, अर्ज करते, असं मी काहीतरी पुटपुटले. दादांनी मला बाजूला घेतलं.

"अर्जानं रोप उगवत नाय, मॅडम. आमच्याकडं रीत हाय. ज्याची गुरं रोपात शिरली, त्यानं घरोघर जाऊन रोप मागून आनायचं आन लावनीला उभं ऱ्हायचं."

"पण दादा, माझी कुठे गुरं आहेत?"

त्यांनी खाली गाड्यांकडे बोट केलं. "चाळीसेक हायेत की."

माझा राग नाकावर आला, तिथे थोडा वेळ बसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पाटी घेऊन मी गावात निघाले.

ज्यांची लावणी उरकत आली होती, त्यांच्याकडे थोडंथोडं रोप उरलेलं होतं. पण रीतीप्रमाणे नुसतं रोप मागून भागत नाही, काय झालं तेही आपल्या तोंडाने सांगावं लागतं. पहिल्या घरी मी सगळं सांगितलं तेव्हा ती बाई पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या घरी म्हाताऱ्या बाबांनी "गवत वाटलं व्हय!" म्हणत सगळं तीनदा सांगायला लावलं. चौथ्या घरी पोहोचण्याआधीच पडवीतून हाक आली, "आली गं, बाणवाली आली!" तिथे मला चहाही मिळाला. आठ घरं फिरले. नाही असं कोणी म्हटलं नाही. प्रत्येकाने जुड्या मोजून नव्हे, दोन्ही हातांनी उचलून पाटीत टाकल्या. परतताना डोक्यावरच्या पाटीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मला उगाचच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दोन दिवस मी, मावशी आणि त्यांची सून, आम्ही तिघींनी लावणी केली. गुडघाभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत. माझी ओळ सापासारखी जात होती.

"नकाशात सरळ रेघा वढतीस ना?" मावशी म्हणाल्या.

"तिथे पट्टी असते, मावशी."

लावणी संपल्यावर हात धुताना त्यांनी विचारलं, "ती वाट तुला कुनी सांगितली व्हती?"

"नकाशावर तीच सर्वांत जवळची होती."

"जवळची असंल. पन श्रावणात तिथनं वढा व्हातो. चल, दाखिवते."

मग त्यांनी मला गुरांची जुनी वाट दाखवली. वळसा घेऊन, डोंगराच्या सोंडेवरून जाणारी, कुठल्याच वावराला न शिवणारी. मी खालच्या मोठ्या खडकावरचा बाण तिकडे वळवला आणि नवे बाण त्या वाटेवर काढले, तेही फक्त जमिनीत रुतलेल्या खडकांवर. दर वेळी आधी दादांना विचारलं, "हा राहील ना?" ते खडकाला लाथ मारून बघत आणि मान हलवत. श्रावणात पहिल्या वाटेवर खरंच ओढा वाहिला. साहेबांनी नवी वाट मंजूर केली आणि तिची शिफारस कोणाची, या रकान्यात मी मावशींचं नाव लिहिलं.

सप्टेंबरअखेर जुने बाण काढून टाकायचे होते. मावशींच्या बांधातले दोन दगड मी फिरवून लावले. तिसऱ्याला हात घातला तर त्या म्हणाल्या, "त्यो ऱ्हाऊ दे. भात झाला की तुला यायचंय. वाट चुकशील."

दिवाळीनंतर गेले. नोकरी संपली होती, हातात वही नव्हती. त्यांचं खाचर कापून झालं होतं. आठ घरचं रोप असल्यामुळे एक कोपरा आधी पिकला, दुसरा मागाहून, आणि कापणीला चार फेऱ्या झाल्या असं सून सांगत होती. मावशींनी ताटात वाफाळता भात वाढला. एक शीत जाड, एक बारीक, एक चिकट, एक मोकळं. असा भात मी कधी खाल्ला नव्हता. मावशींनीही नव्हता.

त्यांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"इकतचा नाय," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी. मागून आणलेला."

त्या खळखळून हसल्या आणि त्यांनी मला अजून भात वाढला. निघताना बांधापाशी थांबून म्हणाल्या, "आता काढ तुजा दगूड. तुज्या सायबाला चुकीचा बाण चालनार नाय."

मी खाली वाकून बघितलं. रंग जसाच्या तसा होता, टोक सरळ त्यांच्या दाराकडे.

"बरोबर आहे की तो," मी म्हटलं आणि तसाच राहू दिला.