टॅक्सच्या कागदावरची लेक

वर्नेल, तुझ्याविषयी लिहिते आहे. फुगून बसू नकोस. गावाला सगळं ठाऊकच आहे.

तर ही वर्नेल टॅकेट. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरवळणांवर शाळेची बस चालवते. आवाज असा, की मागच्या बाकावरची कार्टी पुढचं वळण यायच्या आत गप्प. नवरा ड्वेन वेगळा झाला, लेक कोरिनला हिने एकटीने वाढवलं. पोरगी हुशार, कॉलेजच्या शिष्यवृत्तीत फी सुटलीच, वर राहणं-जेवणही सुटलं.

आमच्याकडे पोसतं मूल टॅक्सच्या कागदावर दाखवलं की कर कमी होतो, पण एक मूल एकाच कागदावर. फेब्रुवारीत वर्नेलने आपले कागद ऑनलाइन पाठवले, ते परत आले. मुलीची नोंद म्हणे आधीच दुसऱ्या कागदावर झालेली. वर्नेलला एकच नाव सुचलं. मुलं घरोघर पोचवून रिकामी बस तिने ड्वेनच्या गॅरेजपुढे आडवी लावली.

"माझी पोरगी स्वतःच्या कागदावर दाखवतोस? कधी दूध तरी आणलंस तिला?"

"देवाशपथ, मी अजून कागद भरलेच नाहीत!"

"वेळेवर कधी काही केलंयस म्हणा!"

तो खरंच बोलत होता. रविवारी कोरिन घरी आली नि म्हणाली, "आई, ते मीच. फोनवरच भरलं. मी कुणावर अवलंबून नाही, असं लिहिलं. सगळा खर्च कॉलेजच करतं ना?"

वर्नेलने हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणजे मी तुझी कुणी नाही?"

"अगं, तुझा भार हलका केला."

"भार होता असं मी कधी म्हटलं?"

गावच्या ग्रंथालयात मी लोकांचे टॅक्सचे कागद फुकट भरून देते. दोघी तोंडं फिरवून माझ्यापुढे बसल्या. मी कोरिनलाच झापलं, "शिष्यवृत्ती म्हणजे स्वतः कमावून खाणं नव्हे. वय चोविसाच्या आत, शिक्षण पूर्णवेळ, सुट्टीत घर आईचं. तू तिच्याच कागदावर. राहण्याजेवण्याचे पैसे मात्र तुझं उत्पन्न. ते तू दाखवायचं."

"म्हणजे आईचीही, नि मोठीही?"

"दोन्ही."

"बघ," वर्नेल म्हणाली, "सरकारलाही कळतं." आणि इतक्या दिवसांनी पोटभर हसली. कोरिनने दुरुस्तीचे कागद धाडले, वर्नेलचे टपालाने गेले नि मुकाट मंजूर झाले.

राहिला ड्वेन. त्याची माफी मागायची म्हणून वर्नेल, तू सफरचंदाचा केक केलास. "तूही चल गं, एकटी गेले तर पुन्हा भांडेन," म्हणालीस. आधी कॉफी घेऊ म्हटलं. मग चव बघायला एक तुकडा कापला, मग दुसरा, असं करत केकच संपला. पुढच्या शनिवारी नक्की, असं ठरवून आपण ताट पुसून ठेवलं. ते अजून तुझ्या कपाटात आहे.