मांडीएवढा कठडा

आमच्या कार्यालयाचा कठडा कोणी बुटका बांधला नव्हता, तो हळूहळू बुटका झाला. मी कारकून म्हणून लागले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शहाबादी फरशी होती आणि कठडा माझ्या कमरेला यायचा. पुढे एका साहेबांना शहाबादी जुनाट वाटली. त्यांनी तिच्यावरच मोझॅकच्या लाद्या घालून घेतल्या. त्यांच्यानंतरच्या साहेबांना मोझॅक कळकट वाटलं, मग वरून चकचकीत टाइल्स आल्या. दर वेळी जमीन चार बोटं वर सरकली आणि कठडा होता तिथंच राहिला. शेवटी तो माझ्या मांडीला लागायला लागला. बरं, मी काही उंच नाही. सोलापुरात रिक्षावाला मला अजून ‘ताई’ म्हणतो ते माझ्या उंचीकडे बघूनच.

गॅलरीखाली मोकळा चौक, त्यात मोटरसायकली लावलेल्या. एका सोमवारी दुधनीकडचे एक शेतकरी दाखल्यासाठी आले. कागदांची पिशवी बायकोपाशी, आणि बायको खाली चौकात सावलीला बसलेली. ते कठड्यावरून वाकले आणि ओरडले, “अगं, आधार कारड घेऊन वर ये की!” तिला ऐकू गेलं नाही. ते आणखी वाकले. चकचकीत टाइलवरून त्यांचे दोन्ही पाय सुटले.

मी चहाचा कप घेऊन मागूनच येत होते. कप टाकला आणि हाताला जे लागलं ते धरलं. हाताला धोतर लागलं, आणि ते सुटायला लागलं. माणसाची लाज राखावी की जीव, असा विचार करायला वेळच नव्हता. मी आणखी जोरात ओढलं. तेवढ्यात आमचे शिपाई धावत आले आणि त्यांनी गृहस्थांच्या कमरेला मिठी मारली. या शिपायांना आम्ही चाचा म्हणतो. निवृत्तीला आले होते, पण अंगात ताकद होती. तिघंही धपकन मागं, सांडलेल्या चहात बसलो.

गृहस्थांनी आधी धोतर सावरलं, मग कठड्याकडे बघितलं. “बाई, ह्यो कठडा हाय का उंबरा?”

खालून बायकोचा आवाज आला, “काय झालं वो?”

“काय न्हाय! तू ये की वर!”

दिवसभर ऑफिसात हाच विनोद चालला. मीही हसले. संध्याकाळी घरी भाकरी थापायला बसले तर भाकरी काही गोल होईना. मला मावशी आठवली होती. ती एका दवाखान्याच्या गॅलरीत ओला टॉवेल वाळत घालायला अशीच वाकली होती. आत काका ॲडमिट होते. ते बरे होऊन घरी आले, मावशी आली नाही. सगळे म्हणाले, तिचे दिवस भरले होते. त्या गॅलरीच्या कठड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी शिवणकामाची टेप घेऊन मी कठडा मोजला, नियमात काय लिहिलंय ते शोधलं आणि प्रस्ताव लिहून साहेबांकडे नेला. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. फक्त कागदावर न घडलेली गोष्ट त्यांना दिसत नसे.

“आजवर कोणी पडलंय का इथून?”

“काल पडत होते, सर.”

“पडले का?”

“नाही. मी धोतर धरलं.”

“मग यंत्रणा आहे की!” असं म्हणून त्यांनी प्रस्ताव ड्रॉवरमध्ये ठेवला.

बाहेर येऊन मी चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, “हौ मॅडम, पण सगळेच धोतर नेसून येत नाहीत.”

पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार असं कळलं. ऑफिसची रंगरंगोटी झाली, पाण्याच्या टाकीला नवं झाकण आलं, गॅलरीत झेंडूच्या माळा लावायचं काम चाचांकडे आलं. माळांच्या टोपल्या घेऊन ते कठड्यापाशी आले तेव्हा मी त्यांना थांबवलं.

“चाचा, कठड्यावर नको. वर बांधा, खांबापासून खांबापर्यंत.”

“किती वर?”

मी हात माझ्या बरगड्यांखाली धरला. “इथं.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं, कठड्याकडे बघितलं, आणि त्यांच्या मिशा हलल्या. पुढं एक अक्षर न विचारता त्यांनी सगळ्या गॅलरीभर माळ ताणून बांधली. कठडा खाली, माळ दीड वीत वर, मध्ये नुसती हवा. आमचे साहेब सकाळी येऊन बघून गेले. त्यांना वाटलं नवी पद्धत असेल. “छान,” म्हणाले.

पुण्याचे साहेब सहा फुटी होते. जिना चढून गॅलरीत आले आणि थबकले. “ही माळ अशी अधांतरी का?”

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तोवर माझं तोंड सुरू झालंच होतं. “सर, नियमानं कठडा इथपर्यंत पाहिजे. तो येईपर्यंत फुलं लावलीत.”

पुण्याच्या साहेबांनी कठड्याला हात लावायला पाहिलं तर त्यांना वाकावं लागलं. वाकले, खालच्या मोटरसायकली दिसल्या, आणि ते चांगली दोन पावलं मागं आले.

“याचं काय करताय?” त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं.

“प्रस्ताव तयार आहे, सर.”

हे मात्र खरं होतं.

तपासणी संपल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “हे तुम्ही मुद्दाम केलंत.”

“हो, सर.”

त्यांनी पेनचं टोपण उघडलं, परत लावलं. मला वाटलं, आता आपली बदली तिकडं लांब जेऊरला. मग म्हणाले, “माळ सुकली तरी काढू नका. आणि तिच्या जोडीला दोरी बांधून घ्या, काम सुरू होईपर्यंत.” ती दोरी मी स्वतः उभं राहून बांधून घेतली.

पुढं ठेकेदार आला. नमुना म्हणून त्यानं स्टीलच्या कठड्याचा एक तुकडा खाली चौकात खांबाला बांधून दाखवला. उंची बरोबर होती, पण पाइप सगळे आडवे. मी चपला काढून चाचांच्या हातात दिल्या, पदर खोचला आणि चढायला लागले. एक पाइप, दुसरा पाइप, तिसरा. वर पोचले. दाखल्याच्या रांगेतली माणसं रांग सोडून बघायला आली.

“मॅडम, उतरा हो,” ठेकेदार म्हणाला. “लोक बघायलेत.”

“मी पन्नाशीची. गुडघे दुखतात, साडी नेसलेय. मला जमलं. आईबरोबर येणाऱ्या चार वर्षांच्या पोराला किती वेळ लागेल?”

“बरं, उभ्या सळ्या लावतो.”

“आणि दोन सळ्यांतून सोललेला नारळ जाता कामा नये.”

“नारळ?”

“पोराचं डोकं आणून दाखवू का?”

त्यानं नारळाला कबूल केलं, तेव्हाच मी खाली उतरले. काम झालं त्या दिवशी चाचांनी खरोखरच नारळ आणला आणि गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक फटीत घालून बघितला. एका ठिकाणी गेला. ती सळी पुन्हा बसवावी लागली. मग तोच नारळ फोडला आणि सगळ्यांनी खोबरं खाल्लं. साहेबांनी छोटंसं भाषण केलं. कठड्याची कल्पना त्यांना कशी सुचली हे सांगितलं. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मी वाजवल्या. चाचा माझ्या शेजारी उभे राहून खोकत होते, पण तो खोकला नव्हता.

आता मला ही खोडच लागली आहे. कुठल्याही इमारतीत गेले की आधी कठड्याला जाऊन उभी राहते. परवा भाचीच्या लग्नात वरच्या मजल्यावर जेवण होतं. हॉलवाल्यानं कठड्याला चिकटवून खुर्च्या मांडल्या होत्या, म्हणजे पोरांना चढायला पायरीच. मी एक-एक खुर्ची ओढून भिंतीकडे न्यायला लागले तसा हॉलचा मॅनेजर धावत आला.

“बाई, तुम्ही मुलीकडच्या का मुलाकडच्या?”

“कठड्याकडची,” म्हटलं. “ती दुसरी बाजू धरा.”

त्यानं धरली. सतरा खुर्च्या आम्ही दोघांनी हलवल्या, आणि तोवर जिलेबी संपली होती.