मावशीचा ग्रीक पाहुणा

आमच्या मावशीइतका राग सबंध म्हैसुरात कुणाला येत नसेल, आणि तोही दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या वतीने! ती कॉलेजात प्राचीन ग्रीस आणि रोमची कला शिकवायची. कुणी 'ग्रीक-रोमन' असं एका दमात म्हटलं की तिचं डोकं फिरे. "पीठ एकच म्हणून इडली आणि डोसा एकच काय रे? सुम्ने, उगाच काहीतरी बोलायचं!" माझ्या बहिणीच्या लग्नात ती कार्यालयाच्या दारातच अडून बसली. आत गुलाबी रंगाचे, पानाफुलांचे 'रोमन' खांब होते. मालक हौसेने स्वागताला आले, तर मावशीने विचारलं, "वरती कोबी कशाला हो लावलाय?" शेवटी जेवली, पण खांबांकडे पाठ करून.

पांढरीशुभ्र मूर्ती बघून कुणी 'काय शुद्ध, काय सात्त्विक' म्हटलं तर मग विचारूच नका. "रंगवलेल्या होत्या त्या! लाल, निळ्या, पिवळ्या! उडाला रंग!" असं ती ओरडे, जणू रंग समोरच्यानेच खरवडून काढला होता.

पण तिचा खरा संताप मी पाहिला तो नवे प्रिन्सिपल आले तेव्हा. तिच्या विषयाला त्या वर्षी एकच मुलगी उरली होती, हुणसूरहून बसने येणारी. प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, आपल्या मुलांना ग्रीसचा काय उपयोग?" मावशीने त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं, "आणि या टायचा काय उपयोग, सर? म्हैसूरच्या उन्हात?" तरी कॉलेजातून तिचा विषय बंद झालाच. वर्गातला प्लास्टरचा ग्रीक पुतळा सायकल स्टँडमध्ये नेऊन टाकला. मूळचा पुतळाच भंगलेला, त्यामुळे प्लास्टरच्यालाही डोकं नाही, हात नाहीत, गुडघ्याखाली पाय नाहीत. अंगावर कपडा तर नव्हताच.

मावशीने टांगा बोलावला आणि मला हाताशी घेऊन तो उघडावाघडा गडी मधोमध बसवला. भर बाजारातून आम्ही निघालो. लोक थांबून बघत होते. टांगेवाल्याने मागे वळून कानडीत विचारलं, "कोण हे, अम्मा?"

"धावपटू."

"पायांशिवाय?" तो हळहळला. "कॉलेजवाल्यांनी तोडले काय?"

"नाही. त्यांनी नुसता हाकलला," मावशी म्हणाली, आणि घर येईपर्यंत पुतळ्याच्या छातीवरचा हात तिने काढला नाही.

आईने दारातच कपाळाला हात लावला. "अय्यो, अक्का, लोक काय म्हणतील!" म्हणत तिने त्याला टॉवेल गुंडाळला. मावशीने सोडला. आईने पुन्हा गुंडाळला. आठवडाभर दोघी बोलत नव्हत्या. हुणसूरची मुलगी मात्र रविवारी घरी येऊ लागली. मावशी तिला त्या पुतळ्यासमोर उभी करून शिकवी, "वजन कुठल्या पायावर आहे, सांग! कमरेकडे बघ, गाढवे!" असं रागावून रागावून, बाहेरून परीक्षेला बसवून, पदवीपर्यंत नेलं तिने पोरीला.

मावशी स्वतः ग्रीसला कधी गेली नाही. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळाली होती. आजोबा म्हणाले, एकटी मुलगी समुद्रापार जाणार नाही. त्या एका गोष्टीवर ती कधी ओरडली नाही. आम्हीही कधी विषय काढला नाही.

बऱ्याच वर्षांनी, मावशी निवृत्त झाल्यावर, एका दुपारी फोन वाजला. ती मुलगी आता म्युझियममध्ये नोकरीला होती आणि अथेन्सहून बोलत होती. आवाज तुटत होता, म्हणून मावशी ओरडूनच बोलली, "दगड हाताला कसा लागतो गं?"

"हात लावू देत नाहीत, मॅडम."

"बरोबर आहे. लावू देऊच नये."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवल्यावर मी वाट पाहिली, आता कुणावर तरी चिडेल म्हणून. पण ती पडवीत जाऊन बसली, पदराने चष्मा पुसला आणि हलकेच म्हणाली, "खांब उन्हात मधासारखे दिसतात म्हणाली. पुस्तकात हे कुणी लिहिलं नव्हतं रे."