एकाच मापाच्या माना

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत रिपोर्ट टाइप करणाऱ्या काकूंची सव्वीस वर्षांत एकही चूक निघाली नव्हती. मग वरच्यांनी कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची काळजी घ्यायचं ठरवलं. वरच्यांनी काळजी घ्यायला घेतली, की खालच्यांनी सावध व्हावं.

एक सल्लागार आला. गळ्यात टेप, हातात तक्ता, चेहऱ्यावर जन्मजात खात्री. बारा टेबलं आणि शिवाय प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, म्हणजे मोठ्या साहेबांची केबिन, सगळीकडे त्याने स्क्रीनची वरची कड बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणली. काकूंची स्क्रीन टेबलाला टेकलेली असायची, ती चांगली वीतभर उचलून लोखंडी स्टँडवर चढवली. मला खालीच बरी पडते, असं काकू चष्मा सावरत म्हणाल्या. तुमची सवयच चुकीची आहे मॅडम, असं सांगून त्याने तक्त्यात खूण केली आणि पुढे गेला. विषय संपला, त्याच्यापुरता.

पंधरा दिवसांत काकूंची मान अशी आखडली, की रस्ता ओलांडताना अख्खं अंग वळवावं लागे. फोन केला तर सल्लागार म्हणे, चांगली सवय सुरुवातीला दुखतेच. वा रे वैद्य! नुसती मान दुखली असती तर काकूंनी दात आवळून निभावलं असतं. पण आकडे पुसट दिसायला लागले आणि महिन्याभरात दोनदा दशांश चिन्ह निसटलं. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या लक्षात आलं, म्हणून कुणा बिचाऱ्याला भलतं औषध गेलं नाही. साहेबांनी बोलावून थंडपणे सांगितलं, आणखी एक चूक झाली की तळघरात, जुन्या फायलींकडे. तळघराची लाज वाटलीच. पण तिसऱ्या वेळी डॉक्टरांचं लक्ष नसलं तर, ह्या विचाराने काकू एकेक आकडा तीनतीनदा वाचू लागल्या.

नवरा शिंपी. मलम चोळता चोळता त्यांनी आधी टोमणा मारून घेतला, की लग्नाला तीस वर्षं झाली, ही मान कधी वाकलेली पाहिली नाही, मग हिला दुखायचं कारणच काय. मग म्हणाले, तिथे बसतेस तशी बसून दाखव. काकूंनी कपाटाकडे बघत हनुवटी वर केली.

"अगं, तुझ्या चष्म्यात वाचायचा नंबर खाली, आणि वाचायचं ठेवलंय वर," ते म्हणाले. "त्या बाबाने माप कुणाचं घेतलं? तुझं की तक्त्याचं?"

इतकी साधी गोष्ट. तज्ज्ञाला दिसली नाही, कारण त्याचं शिक्षण फार झालेलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी स्टँड कपाटावर टाकला, स्क्रीन टेबलावर उतरवली आणि जराशी मागे कलती केली. आकडे इतके ठसठशीत दिसले की त्यांना रडूच आलं. आठवड्याभरात मान मोकळी झाली, चूक एकही नाही. तेवढ्यात सल्लागार फेरतपासणीला टपकला. खाली उतरलेली स्क्रीन पाहून त्याने तक्त्यात 'असहकार' असं लिहिलं आणि कागद साहेबांकडे नेला. काकूही मागोमाग केबिनमध्ये शिरल्या. बघतात तर साहेबांच्या मानेला पट्टा, नाकावर तसलाच दुहेरी नंबरचा चष्मा, आणि समोरची स्क्रीन वाचायला हनुवटी छताकडे. काकूंनी चष्म्याची गोष्ट सांगितली. साहेबांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि चष्मा काढून निरखला.

साहेबांना पटलं. साहेबांना न पटलेलं एक वेळ परवडतं, पटलेलं नाही. संध्याकाळच्या आत परिपत्रक निघालं: उद्यापासून सर्वांच्या स्क्रीन टेबलाला टेकलेल्या असाव्यात, स्टँड जमा करावेत. त्या उतरवायलाही सल्लागारच आला, तीच टेप आणि तीच खात्री घेऊन.

चौथ्या दिवशी काकूंच्या शेजारच्या टेबलावरची पंचविशीतली मुलगी पार कमान होऊन बसलेली. ताडमाड उंच, डोळे ठणठणीत, चष्म्याचा पत्ता नाही. मधूनच हात मानेवर जायचा. विचारलं तर म्हणाली, आदेश आहे, सुरुवातीला दुखणारच म्हणे. काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे आणून तिच्या स्क्रीनखाली ठेवले, तिला ताठ बसवलं, तिची नजर कुठे जाते ते पाहिलं आणि तिसराही सरकवला.

"पण काकू, साहेब ओरडले तर?"

"साहेबांना त्यांची मान आहे. ही तुझी आहे."

आणि काकू पुढच्या टेबलाकडे गेल्या. अजून दहा बाकी होती.